वाळूवरची चाल

मिर्ताने पडद्यावर मागचा डावा पाय उचलला आणि अख्खा डायनासोर मानेवर कोसळला.

सतराव्यांदा.

लॅपटॉप बाबांच्या मांडीवरच्या उशीवर होता. गाड्या बनवायचा खेळ तो. त्यातल्याच ठोकळ्यांतून, बिजागऱ्यांतून, मोटारींतून तिने हे लांब मानेचं धूड जुळवलं होतं. बाबांनी, म्हणजे फेर्मीनने, तीस वर्षं गावाबाहेरच्या लाल टेकड्यांत असल्याच धुडांची हाडं दगडातून मोकळी केली. त्या धुळीने त्यांची फुफ्फुसं खाल्ली. चार वाजता नेउकेन शहरातून त्यांना न्यायला रुग्णवाहिका येणार होती. परत आणणार की नाही, ते घरात कुणी विचारत नव्हतं.

"मान हलकी कर. आतून पोकळ असायची हाडं."

"केली, बाबा."

"मग शेपूट लांबव. तुझ्या आत्याच्या जिभेएवढी."

"ऐकेल ती. स्वयंपाकघरातच आहे."

"ऐकू दे. तिचं मी साठ वर्षं ऐकतोय."

हसता हसता खोकला आला. तिने ऑक्सिजनची नळी सरळ केली.

अठरा. गुडघा उलटा वळला.

एकोणीस. दोन पावलं. दोन!

वीस...

"घाई करतेस. तीन पाय जमिनीवर, मगच चौथा उचलायचा." बाबा थांबून थांबून बोलत होते. "मला तो कायम आडवाच भेटला गं. एकदा चालताना बघू दे."

सव्वातीनला त्यांचा डोळा लागला.

मिर्ताने लॅपटॉप आपल्याकडे ओढला. पोटाखाली चार बारकी चाकं बसवली. कडेने ठोकळे लावून ती झाकली. आता पाय नुसते हलणार होते, ओझं चाकांवर. हे करताना तिने एकदाही बाबांकडे पाहिलं नाही.

"बाबा. बघा."

तो चालला. मान डुलवत, खेळातल्या वाळूवरून डोंगराच्या दिशेने, न पडता.

बाबा बघत राहिले. मानेकडे नाही. पायांकडेही नाही. त्यांची नजर मागच्या वाळूवर होती. दगडात उमटलेल्या पावलाच्या एका खळग्यावरून जनावर लंगडत होतं का, हे सांगणारा माणूस.

तेव्हा मिर्तालाही दिसलं. वाळूत पावलं उमटलीच नव्हती. दोन सरळ चाकोऱ्या होत्या, पार डोंगरापर्यंत.

"बाबा, मी..."

त्यांनी तिच्या मनगटावर हात ठेवला. हाताला वजनच नव्हतं.

"चाललं का रे तुमचं जनावर?" ओबदुलिया आत्या हात पुसत दारात आली. बाहेर गाडी मागे घेतल्याचा आवाज येत होता. आत्या पडद्यावर वाकली, चष्मा नाकावर चढवला. "अगंबाई! पण हे खाली वाळूत काय..."

"मान बघ, मान!" बाबा म्हणाले. "खाली कशाला बघतेस?"