अर्धा टँकर

फौजेतून सुटून चांदपाशाला चौदा महिने झाले होते, पण डोकं काही थंड होत नव्हतं. सतरा वर्षं त्यानं बर्फाच्या घाटांतून पलटणीचे ट्रक चालवले होते. आता या दुष्काळात तो औरंगाबादेत अप्पारावांचा पाण्याचा टँकर चालवायचा. कुणी उलट्या बाजूनं गाडी घातली की उतरून भांडायचा. दूधवाला उशिरा आला की त्याच्यावर खेकसायचा. "ये घर है जी, पलटन नक्को समझो," असं बायको जोहरा म्हणाली की तिच्यावरही भडकायचा.

त्या दिवशी सकाळी टँकर भरल्यावर अप्पारावांचा फोन आला.

"पुंडलिकनगरच्या पुढं नवी बिल्डिंग होतीय ना, तिथं अर्धा रिकामा कर. मग वस्तीवर जा. सही पूर्ण टँकरची घे."

"साहेब, सरकारी कागदावर वस्तीचंच नाव हाय."

"तू मला कागद शिकवतो? सांगितलं तेवढं कर."

सांगितलं तेवढं करायची सतरा वर्षांची सवय होती. त्यानं केलं. ओल्या प्लास्टरवर मारायला ते पाणी गेलं, आणि तो दातओठ खात वस्तीकडं निघाला.

पैठण रस्त्याच्या पलीकडच्या त्या वस्तीत नळ नव्हता. टँकर थांबताच हंडे, कळश्या, ड्रम घेऊन बाया धावल्या.

"लाइन लगाओ!" चांदपाशा गरजला.

रांग लागली, पण निम्मी रांग मागं असतानाच धार बारीक झाली. मागच्या बाया पुढं घुसल्या. सगळ्यांत पुढं होती आवडाबाई, साठीची, धुणीभांडी करून राहणारी. चांदपाशाचं टाळकं सटकलं. त्यानं तिच्या हातातली कळशी हिसकली आणि रस्त्यावर भिरकावली.

"कायदा हाय की नाय तुम्हाला? जनावरं हायेत का?"

आवडाबाईनं कळशी उचलून आणली. चेपलेल्या जागेवरून तिनं हात फिरवला.

"संपलं ना पाणी? आण, सही करते."

त्यानं कागद पुढं केला. ती दोन इयत्ता शिकलेली होती. बोट ठेवून तिनं वाचलं.

"पूर्ण टँकर? बाबा, आम्ही जनावरं असू, पण आंधळी नाय. आलं तेवढं लिही, मग करते."

चांदपाशाच्या कानशिलात रक्त चढलं. चोर कोण होता आणि तो ओरडला कुणावर? त्यानं 'पूर्ण' खोडून 'अर्धा' लिहिलं, तिची सही घेतली, खाली स्वतःचीही ठोकली आणि थेट अप्पारावांच्या ऑफिसात गेला.

अप्पारावांनी कागद पाहून फाडला. "फौज सुटली, पण मस्ती नाय सुटली तुझी. नवा कागद भर."

"नाय भरत."

"मग टँकरला हात लावू नको."

चांदपाशानं त्यांची कॉलर धरली. दोघातिघांनी ओढून त्याला बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी टँकर नवा ड्रायव्हर घेऊन आला, तेव्हा चांदपाशा वस्तीत उभा होता. तो वर चढला, झाकण उघडून आत बांबू घातला. बांबू निम्म्यालाच भिजला.

"मालकानं सांगितलं तसं केलं, भाऊ," ड्रायव्हर म्हणाला.

"मीही तसंच केलं होतं. लाव मालकाला फोन. भरलेला टँकर येईपर्यंत हा हलणार नाय."

बाया चाकांपुढं बसल्या. आवडाबाई कामावर गेली नाही. अप्पारावांनी फोनवर पोलिसांची धमकी दिली. चांदपाशा म्हणाला, "पाठवा. बांबू त्यांनाबी दाखवतो."

पोलीस आले नाहीत. दुपारी दुसरा टँकर आला, काठोकाठ भरलेला.

चांदपाशाचा राग तरीही उतरला नव्हता. आज पाणी मिळालं, उद्या पुन्हा बांबू घेऊन उभं राहावं लागणार होतं आणि हातात काम नव्हतं. तो आवडाबाईजवळ गेला.

"मावशी, कालचं... मी चुकलो."

"चुकलास," ती म्हणाली. तिनं त्याला माफ केलं नाही. ड्रमचा एक कान त्याच्याकडं सरकवला. "धर तिकडून. मला एकटीला उचलत नाय."

त्यानं धरलं.