तिसऱ्या नंबरच्या तीन मॅच

आमच्या राष्ट्रीय स्क्वॉश संघाची आंतरराष्ट्रीय कामगिरी एका पानात मावते, आणि खाली चार बोटं जागा उरते. अकरा जागतिक स्पर्धा, अठ्ठावन्न लढती, सत्तावन्न पराभव, एक विजय. तो विजयही समोरचा संघ विमानतळावर अडकून पडल्यामुळे मिळाला. त्याचा फोटो आहे. तीन खेळाडू, एक मॅनेजर आणि मागे रिकामं कोर्ट. चौघंही दमल्यासारखे दिसतात.

मी या महासंघाचा कारकून होतो, छत्तीस वर्षं. महासंघ म्हणजे स्टेडियमच्या जिन्याखालची एक खोली, दोन टेबलं, एक लोखंडी कपाट आणि एक टाइपरायटर. जिन्यावरून कुणी धावत गेलं की आमच्या डोक्यावर चुना पडायचा. निवृत्त होऊन मला दहा वर्षं झाली, डोक्यातला चुना अजून पुरता निघालेला नाही.

मागच्या वर्षी अध्यक्षांनी बोलावून घेतलं. मी नोकरीला लागलो तेव्हापासून तेच अध्यक्ष आहेत. म्हणाले, "महासंघाला पन्नास वर्षं होतायत. स्मरणिका काढू. संघाची सगळी कामगिरी त्यात यायला हवी, अगदी मॅचनुसार. तुमच्याइतकं माहितगार दुसरं कोण आहे?"

'कामगिरी' हा शब्द उच्चारताना ते जराही हसले नाहीत. अध्यक्ष होण्यासाठी एवढं यावं लागतं.

मी ही बातमी अण्णाला सांगायला गेलो. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो या संघाचा तिसरा नंबर होता. पाच स्पर्धा खेळला. त्यानंच शब्द टाकून मला महासंघात चिकटवलं होतं. आता तो पलंगाला खिळलेला. फुप्फुसं गेली होती. डॉक्टरांनी बाहेरच्या खोलीत वहिनींना सांगितलं, दोन-तीन महिने. आत येऊन अण्णाला सांगितलं, विश्रांती घ्या. अण्णानं दोन्ही ऐकलं, कारण दार उघडंच होतं.

"मॅचनुसार?" अण्णानं विचारलं.

"मॅचनुसार."

तो उशीला टेकून जरा वर सरकला. नाकातली नळी नीट केली. "मग माझ्या तीन येतील."

स्क्वॉश न खेळणाऱ्यांसाठी सांगतो, म्हणजे जवळजवळ सगळ्यांसाठी. एका लढतीत तीन मॅच असतात. पहिला नंबर पहिल्याशी, दुसरा दुसऱ्याशी, तिसरा तिसऱ्याशी. ज्यानं दोन मॅच जिंकल्या त्यानं लढत मारली. आमचे पहिले दोघं इतक्या नियमितपणे हरायचे, की अण्णा कोर्टात उतरायचा तेव्हा लढत संपलेली असायची. तरी नियमाप्रमाणे तिसरी मॅच खेळावीच लागे. मॅनेजर बसकडे निघून गेलेला, प्रेक्षक घरी, पंच घड्याळाकडे बघतोय आणि झाडूवाला दारात. अशा एकोणीस मॅच अण्णा खेळला. त्यातल्या तीन तो जिंकला.

"एक ती उंच माणसाशी," अण्णा म्हणाला. "एक तो डावरा होता त्याच्याशी. आणि एक तो जाड्या, सारखा बूट बांधत बसायचा. बाकी काही नको मला. एवढ्या तीन छापलेल्या बघायच्यात. बघेन ना रे?"

"बघशील की."

वहिनी चहा घेऊन आल्या. "भाऊजी, जरा लवकर छापा हं," एवढंच म्हणाल्या आणि पडदा सारखा करत बसल्या. पडदा सारखाच होता.

दुसऱ्या दिवशी मी जिन्याखाली जाऊन कपाट उघडलं. सगळ्या अहवालांच्या नकला तारखेवार लावलेल्या होत्या. लावल्या मीच होत्या. मी फाइल काढली, चष्मा पुसला आणि अण्णाचं पहिलं वर्ष उघडलं. शून्य-तीन. शून्य-तीन. शून्य-तीन. पुढचं वर्ष. शून्य-तीन. पाचही स्पर्धा बघून झाल्या. एक-दोन कुठंच नव्हतं. दोन-एकचा प्रश्नच नव्हता. उभ्या ओळीत नुसते तीनच तीन, एकाखाली एक.

मी खुर्चीवर बसलो. खुर्ची ओळखीची होती.

त्याचं असं होतं. लढतीचा अहवाल आंतरराष्ट्रीय कार्यालयात सात दिवसांत पोचावा, असा नियम होता. टपालाला सहा दिवस लागायचे. समोरचे संघ आम्हाला हरवल्याचं कळवायचे कष्ट घेत नसत, त्यामुळे आमचाच अहवाल काय तो जायचा. मॅनेजरची तार यायची, त्यात एकच शब्द: हरलो. आता तार आल्यावर चार कार्बन लावून अहवाल टाइप करायचा, अध्यक्षांना घरी गाठून सही घ्यायची, पाकीट बनवायचं, यात तीन दिवस मोडायचे. म्हणून मी एक पद्धत बसवली. संघ निघायच्या आदल्या आठवड्यातच मी सगळे अहवाल टाइप करून, सह्या घेऊन, पाकिटांवर तिकिटं चिकटवून ठेवायचो. तार आली की पाकीट डब्यात. माझ्या तत्परतेबद्दल आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडून एकदा कौतुकाचं पत्र आलं होतं. ते अध्यक्षांनी फ्रेम केलं.

निकालाच्या रकान्यात मी शून्य-तीन टाकायचो. दुसरं काय टाकणार?

पहिल्यांदा अण्णा जिंकून आला, त्या उंच माणसाशी, तेव्हा घरी येऊन त्यानं बॅग खाली ठेवायच्या आधी सांगितलं. मी अभिनंदन केलं. पाकीट जाऊन पाच दिवस झाले होते. दुरुस्तीपत्र पाठवायचं म्हणजे पुन्हा चार कार्बन, पुन्हा सही, आणि वर हा प्रश्न की आधीचा आकडा आला कुठून. लढत तर हरलोच होतो ना, अशी मी मनाची समजूत घातली. त्याला चूक म्हणता येईल. डावऱ्याच्या वेळी मी हेच केलं, त्याला आळस म्हणता येईल. तिसऱ्यांदा, जाड्याच्या वेळी, मी ऑफिसात बसून जेवणाचा डबा उघडला आणि विषय डोक्यातून काढून टाकला. त्याला काय म्हणायचं ते मी अजून ठरवलेलं नाही.

मी पुरावा शोधायला लागलो. मॅनेजर आता खेळाच्या सामानाच्या दुकानात मुलाच्या गल्ल्याशेजारी बसतात, कानाला यंत्र लावून.

"तिसरी मॅच?" ते म्हणाले. "मी कधी पाहिली नाही हो. हॉटेलचं जेवण आठला बंद व्हायचं."

"अण्णा जिंकल्याचं तुम्हाला सांगायचा तरी?"

"बसमध्ये येऊन काहीतरी सांगायचा खरा. पण आम्ही दुःखात असायचो."

आमचा त्या वेळचा पहिला नंबर फोनवर म्हणाला, "तुझा भाऊ माणूस सोन्यासारखा. जिंकलाही असेल. आमच्यामुळे बिचाऱ्याचं कुणी बघितलं नाही." मी विचारलं, हे लिहून देशील का? तर म्हणाला, न बघितलेलं कसं लिहून देऊ. पहिला नंबर आयुष्यभर हरला, पण सरळ खेळला. त्याचा मला त्या क्षणी फार राग आला.

मग मी तिन्ही परदेशी महासंघांना पत्रं टाकली. दोघांचं उत्तर आलं नाही. तिसऱ्यांनी दोन आठवड्यांत उत्तर पाठवलं, अतिशय सभ्य भाषेत. त्यांचं जुनं दप्तर पाण्यात भिजून गेलं होतं. पण आंतरराष्ट्रीय कार्यालयातून त्यांनी माझ्यासाठी मुद्दाम एक विश्वसनीय कागद मिळवला होता. त्याची प्रत सोबत जोडली होती. शून्य-तीन. खाली टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं होती, ती माझी.

शेवटी मी अध्यक्षांकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे तुम्ही म्हणताय, महासंघानं तीनदा खोटा अहवाल पाठवला?"

"मी पाठवला."

"सही माझी आहे."

"आहे."

त्यांनी टेबलावरचा पेपरवेट एकदा फिरवला. "शिवाय जिंकलं कोण, तर तुमचा भाऊ. सांगतंय कोण, तर तुम्ही. लोक काय म्हणतील? आणि असं बघा, सगळीकडे शून्य-तीन आहे, तर त्यात एक सातत्य दिसतं. मध्येच एक-दोन आला की माणूस विचारायला लागतो, मग बाकीच्या वेळी काय झालं होतं?"

मी उठलो तेव्हा त्यांनी खांद्यावर हात ठेवला. "अण्णांना माझा नमस्कार सांगा. त्यांचा स्वतंत्र फोटो घेऊ आपण. अर्धं पान."

एक वाट उरली होती. अण्णानं तिन्ही मॅचचं तपशीलवार निवेदन सांगायचं, मी लिहायचं, त्यानं सही करायची, आणि ते मी अध्यक्षांना न विचारता थेट छापखान्यात द्यायचं. छापखानेवाला माझ्या ओळखीचा होता. पण त्यासाठी अण्णाला आधी सांगणं भाग होतं.

सकाळी दहाच्या सुमाराला गेलो. पलंगावर ऊन आलं होतं. मी त्याच्या हातात कच्चं पान दिलं. त्यानं चष्मा लावला आणि बोट ठेवून एकेक ओळ खाली उतरत गेला. उंच माणसापाशी बोट थांबलं.

"इथं चुकलंय."

"हो."

बोट आणखी खाली गेलं. "इथंही. आणि इथं." त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हे कुणी टाइप केलं?"

"मी."

"कधी?"

"तुम्ही निघायच्या आधी."

वहिनी औषधाच्या गोळ्या मोजत होत्या, त्यांचा हात थांबला. "म्हणजे भाऊजी, हे विमानात बसायच्या आधीच हरलेले?"

"हो वहिनी."

"आणि मी इकडे बॅग भरत होते."

अण्णा हसला. हसू खोकल्यात गेलं, खोकला बराच वेळ चालला, वहिनींनी पाठ चोळली. दम परत आल्यावर तो म्हणाला, "एकोणीसातल्या सोळा बरोबर आल्या की रे तुझ्या. ज्योतिष्याला एवढ्या येत नाहीत."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी वही काढली. म्हटलं, "तू सांग, मी लिहितो. खाली सही कर. उद्या छापखान्यात देतो. उंच माणसापासून सुरू कर."

त्यानं डोळे मिटले. "चेंडू गार होता. पहिले दोघं हरून बराच वेळ झाला होता, त्यामुळे कोर्टही गार. चेंडू उडेना. मी तो तळव्यात धरून, भिंतीवर मारून मारून तापवला. पहिला गेम मी घेतला, नऊ-चार. दुसरा त्यानं. मग मी कोपऱ्यात मऊ टाकायला लागलो. उंच माणसाला वाकायचा कंटाळा असतो. तो एक चेंडू मागच्या भिंतीवरून आला, आणि मी…" तो थांबला. "नाही. तो डावऱ्याशी."

"असू दे. पुढं?"

"पुढं हात मिळवला. तो हसत होता."

"कोण?"

"उंच." अण्णानं डोळे उघडले. "हरलेला माणूस हसतो का रे?"

"त्यांचा संघ जिंकला होता ना. म्हणून हसत असेल."

"असेल. की तोच जिंकला होता?"

"अण्णा, तू घरी येऊन सांगितलं होतंस. बॅग हातात होती तुझ्या. मला आठवतंय."

"मी सांगितलं होतं, ते तुला आठवतंय. पंच काय म्हणाला ते मला आठवत नाही." तो छताकडे बघत राहिला. "झाडूवाला आठवतो. तो म्हणाला होता, झालं का? मी म्हटलं, झालं."

मी वही पुढं केली, पेन उघडून दिलं. म्हटलं, सही तेवढी कर, बाकी मी बघतो. त्यानं पेन हातात घेतलं, टोपण शोधलं, लावलं आणि परत दिलं.

"सही केली की मला खात्री आहे असं होईल," तो म्हणाला. "छापू दे आहे तसंच."

मी पुन्हा दोनदा गेलो, वही घेऊन. दुसऱ्या खेपेला वहिनींनीच दारात अडवलं. "भाऊजी, पुरे आता. तुम्ही आलात की हे रात्रभर गेम मोजत बसतात. नऊ-चार, नऊ-सात. जुळत नाहीत, मग पुन्हा पहिल्यापासून."

स्मरणिका वेळेत निघाली. कागद गुळगुळीत, अण्णाचा फोटो अर्ध्या पानावर, खाली ओळ: 'अखेरपर्यंत झुंजणारा तिसरा नंबर, सामने एकोणीस, विजय शून्य.' मी प्रत घेऊन गेलो तेव्हा खोलीत शेजारचे मास्तर आणि वहिनींचा भाऊ बसले होते. अण्णानं पान उघडून उशाशी ठेवलं. आवाज आता फार खोल गेला होता, पण तो खुषीत होता, म्हणजे तसं दिसत तरी होतं.

"एकोणीस खेळलो," तो मास्तरांना सांगत होता, "आणि एकोणीस हरलो. एक चुकवली नाही."

मास्तर हसले.

"तीन जिंकला होता तो," मी म्हणालो. "मला पक्कं माहीत आहे. आकडे मी चुकवले. टाइप मीच केलं होतं."

मास्तरांनी माझ्याकडे वळून पाहिलं, मान हलवली, माझ्या गुडघ्यावर हलकेच थोपटलं. "भाऊ असावा तर असा," ते वहिनींच्या भावाला म्हणाले.

मी अण्णाकडे पाहिलं. तोही माझ्याकडे तसाच बघत होता, मास्तरांसारखा, कौतुकानं.