रुपयाचा वळ

जावळ काढलं आणि प्रांजलच्या कानामागे, जरा वर, चिंचोक्याएवढी गाठ दिसली. इतके महिने ती केसांत लपून होती. किशोरी आणि तिची सासू साळूबाई बाळाला घेऊन शिरढोणच्या डॉक्टरांकडे गेल्या.

"बहुतेक साधी गाठ आहे," ते म्हणाले. "पण बाळाची कवटी अजून जुळायची आहे. गाठ कातडीखालीच आहे की हाडातून मेंदूपर्यंत गेलीये, ते आधी कळायला हवं. पनवेलला सोनोग्राफी करा. तोवर दाबू नका."

दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीत डॉ. निशांनी बाळाची टोपी काढली आणि त्या थांबल्या.

"गाठीभोवती हा गोल वळ कसला?"

किशोरीने वाकून पाहिलं.

"रुपया बांधला व्हता मी," साळूबाई दारातूनच म्हणाल्या. "सकाली तू कपडे वालत घालीत व्हतीस तवा. आमच्यात रुपयानं टेंगूल बसतंय."

"दाबू नका म्हणाले होते ना, आई!"

"मना वाटला, जोरान दाबू नको म्हनले."

"बाळाला कोणीतरी नीट धरा," डॉक्टर म्हणाल्या. किशोरी अजून त्या वळाकडेच बघत होती. साळूबाई पुढे आल्या आणि थबकल्या.

"मी? नको. माजा हात नको."

"धरा, आजी. डोकं हलायला नको."

गार जेल लागताच बाळ किंचाळलं. पडद्यावर एक काळपट गोल उमटला.

"ही गाठ. खाली पांढरी रेघ दिसते ना, ते हाड. ही रेघ सलग हवी."

रेघ सलग चालली होती. मग मधेच तुटली.

किशोरीलाही ते दिसलं. डॉक्टरांनी यंत्र मागे नेलं, पुन्हा पुढे आणलं. रेघ पुन्हा तिथेच तुटली. त्यांनी एक बटण दाबलं. रक्ताचे लाल-निळे ठिपके गाठीबाहेर चमकले, आत एकही नाही. "गाठीत रक्त वाहत नाही, ते चांगलं," त्या म्हणाल्या, पण नजर तुटलेल्या रेघेवरच होती.

"आत गेला का वो रुपया... गाठ म्हंते मी?"

"बाळाला फिरवा. दुसरी बाजू बघते."

"तिकडं काय नाय ओ!"

"म्हणूनच."

दुसऱ्या कानामागे गाठ नव्हती. पांढरी रेघ सरळ चालली आणि नेमकी त्याच जागी, तेवढीच तुटली.

डॉक्टरांनी श्वास सोडला. "हा कवटीचा सांधा आहे. दोन्हीकडे सारखा. टाळू भरते तसा हाही जुळेल. गाठ त्याच्या वर, कातडीखाली आहे. आत वाट नाही. जन्मापासूनची साधी गाठ ती. सर्जनना दाखवा, पुढे काढून टाकता येईल."

"आन् रुपयानं?"

"वळ उठला, एवढंच. पण आत वाट असती, तर तो दाब मेंदूपर्यंत गेला असता."

किशोरीने बाळाचं डोकं पुसलं. बराच वेळ पुसत राहिली. मग सासूकडे न बघता टोपी पुढे केली.

"घाला त्याला. पण काही बांधायचं नाही."

साळूबाईंनी टोपी घातली. दोन नाड्या बाळाच्या हनुवटीखाली लोंबत राहिल्या.

"नाडी तरी बांधू का गो?"

"बांधा," किशोरी म्हणाली. "सैल."