मांजींनी परत पाठवलेलं झबलं

मित्रांनो, मी एक जुनं काळं झबलं आहे. आता माझा रंग विटलाय, अंगाला डांबरगोळ्यांचा वास येतो. पण एके काळी माझा रुबाब बघण्यासारखा होता.

बँकेतल्या नवऱ्याची बदली झाली म्हणून सांगलीची प्रतिमा जयपूरला, प्रताप नगरात आली. त्या परक्या गावात तिला जीव लावला तो शेजारच्या सुगनने. २००५ साली सुगनच्या तान्ह्या मुलीची, मुनियाची, पहिली संक्रांत आली. आपल्याकडे पहिल्या संक्रांतीला बाळाला काळं झबलं घालतात, हलव्याचे दागिने घालतात आणि डोक्यावरून बोरं-चुरमुरे ओततात. प्रतिमाने हौसेने मला घरीच शिवलं, पांढरे ठिपके भरले आणि सणाच्या आधीच सुगनकडे दिलं. मला केवढा अभिमान वाटला!

सुगनच्या सासूबाईंचा, मांजींचा, चेहरा मात्र मला बघताच उतरला. त्यांच्याकडे काळं कापड अशुभ. शेजारणीने पोरीचं वाईट चिंतलं, असं सुनेला बजावून त्यांनी मला परत पाठवलं. सुगनचं येणंजाणं थांबलं. प्रतिमाला वाटलं, घरी शिवलेलं त्यांना हलकं वाटलं. ती आधी चिडली, मग एकटीच रडली. मला दोन्हीकडचं ठाऊक होतं, पण झबल्याला कुठली वाचा?

संक्रांतीला अख्खं जयपूर पतंग घेऊन गच्चीवर असतं. प्रतिमाही काळी साडी नेसून गेली. तिच्या लेकीला, अनुयाला, काळा फ्रॉक होता, आणि परत आलेलं मी प्रतिमाच्या खांद्यावर. शेजारच्या गच्चीवरून बघणाऱ्या मांजींना शेवटी राहवलं नाही.

“बहू, त्योहार के दिन अपनी ही बच्ची को काला?”

“हमारे यहाँ आज सबसे लाडली को काला ही पहनाते हैं, मांजी,” प्रतिमाने मला खांद्यावरून काढून दाखवलं. “इसीलिए मुनिया के लिए सिला था.”

मांजी नातीच्या कपाळावरच्या तिटेकडे बघत म्हणाल्या, “काजल का टीका भी तो काला ही होता है. ला, इधर दे.”

कठड्यावरून मी पलीकडे पोचलं आणि मांजींनी स्वतःच्या हातांनी मला मुनियाच्या अंगात घातलं. सुगन धावत येऊन प्रतिमाच्या गळ्यात पडली. मुनियाच्या डोक्यावरून ओतलेली बोरं वेचायला गल्लीतली पोरं पतंग सोडून आली. त्या दिवशी माझ्याएवढं सुखी जयपुरात कुणी नव्हतं.

पुढे प्रतिमाच्या नवऱ्याची पुन्हा बदली झाली. तिने आठवण म्हणून मला मागितलं, तर मांजींनी साफ नाही म्हटलं. घरात आणखी नातवंडं यायची होती. ती आली, आणि प्रत्येकाची पहिली संक्रांत माझ्यातच झाली.

म्हणून मित्रांनो, देताना दोन शब्द सांगून द्या, आणि कुणाची भेट खटकली तर परत पाठवण्याआधी एकदा विचारा. मला वर्षातून एकदा ऊन दाखवलंत, तर अजून पुष्कळ बाळांना मी पुरेन.