शुऐबचा मामा

सबंध हिवाळा वसीला त्या पोराला चिखलासाठी ओरडत राहिली. शाळेची पर्यवेक्षिका म्हणून तिचं कामच ते होतं. सकाळी फाटकाशी उभं राहायचं, गणवेशाचा एप्रन विसरलेल्याला परत पाठवायचं, आणि बूट हातात घेऊन चिखलाच्या पायांनी येणाऱ्या शुऐबला नळाकडे पिटाळायचं. "घरी फरशी नाही वाटतं तुमच्या? जनावरं बरी!" असं ती एकदा सगळ्यांसमोर म्हणाली होती. पोरगा बर्फासारख्या पाण्याखाली पाय धरून उभा राहिला, आणि रमझी नावाच्या पोराची चौकडी कठड्यावर बसून खिदळत राहिली. त्या खिदळण्यावरून तरी तिला कळायला हवं होतं. तेवीस वर्षं पोरांमध्ये काढलेल्या बाईला ते कळलं नाही, याबद्दल तिने स्वतःला पुढे कधी माफ केलं नाही.

अल्जीरियातल्या कॉन्स्टंटाइन शहराजवळच्या पठारावर वसवलेल्या त्या नव्या वस्तीत दोन झोपडपट्ट्यांतली माणसं आणून टाकली होती, पुलाखालची आणि खाणीवरची. घरात नळ आला, गॅस आला, पण पूलवाले पूलवालेच राहिले आणि खाणवाले खाणवालेच. मोठी माणसं जिन्यात एकमेकांना सलाम करून आपापल्या मजल्यावर जात. वैर पुढे चालवायचं काम पोरांनी अंगावर घेतलं, आणि शाळा एकच असल्यामुळे ते शाळेतच चालायचं. शुऐबच्या इमारतीत सगळी बिऱ्हाडं पूलवाल्यांची, खाणीवरचं घर तेवढं त्याचं एकट्याचं. रोज सकाळी रमझी त्याला जिन्याखाली अडवायचा.

"खाणवाले बुटाशिवायच जन्मतात ना रे? मग काढ."

बूट काढून हातात घ्यायचे आणि रस्ता सोडून मधल्या पडीक मैदानातून, घोटाभर चिखलातून शाळा गाठायची, असा नियम होता. तेरा वर्षांचं पोर सोसून सोसून किती सोसणार? फेब्रुवारीतल्या एका सकाळी त्याने हातातला बूटच फिरवला. टाच रमझीच्या तोंडावर बसली आणि पुढचा दात तुटला. रक्त दिसलं तेव्हा कुठे शाळेला जाग आली.

हेडमास्तर सी अब्दुलहफीज, 'सी' म्हणजे श्रीयुत, गोड बोलणारा माणूस होता. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं आणि तेवढा काळ त्याला कुठलीही भानगड नको होती. त्याच्या खोलीबाहेर 'हिंसामुक्त शाळा' असं भलंमोठं पोस्टर लावलेलं, त्यावर दोन गोरेगोमटे हात एकमेकांत गुंफलेले. त्या हातांखालीच उभं राहून त्याने फर्मान काढलं, दोघांनी तीन दिवसांत पालक हजर करायचा, तोवर वर्गात पाऊल टाकायचं नाही. चिठ्ठ्या वसीलाने लिहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शुऐबची आई आली. यमिना. गुडघे धरून पाच मजले उतरून आली होती.

"याचा बाप दक्षिणेत तेलाच्या खोदकामावर असतो, सर. फोन केलाय मी. बदली माणूस पोचल्याशिवाय ते सोडत नाहीत. पण मी आलेय ना! माझ्या पोराला हे रोज अनवाणी चालवतात, ते तरी ऐकून घ्या."

"ताई, तुमचा मान मोठा," सी अब्दुलहफीज मधाळ आवाजात म्हणाला. "पण हे पुरुषांनी बसून मिटवायचं काम. रमझीचा बाप येईल, दोन शब्द इकडचे तिकडचे होतील, शेवटी एकमेकांच्या डोक्याचा मुका घ्यायचा, फातिहाची प्रार्थना पढायची, संपलं. बाईमाणसापुढे तो बाप मान झुकवेल का? एखादा पुरुष पाठवा. काका, मामा, कुणीही चालेल."

एवढं बोलून त्याने फोन उचलला. कुणाचाही फोन आलेला नव्हता.

बाहेर आल्यावर यमिनाने वसीलाचा हात धरला. "दीर फ्रान्सला जाऊन बसलाय, चार वर्षांत ईदलासुद्धा फोन नाही. भाऊ म्हणाल तर आम्ही पाच बहिणीच. कुठून आणू पुरुष? भाड्याने मिळतो का? मॅडम, तुम्ही तरी सांगा ना त्यांना."

शिक्का वसीलाच्याच ड्रॉवरमध्ये होता. आईची सही घेऊन पोराला वर्गात बसवायला दोन मिनिटं पुरली असती. आड कायदा येत नव्हता, आड येत होती ती सवय. बाप नाहीतर बापाच्या जागी कुणीतरी मिशीवाला, असंच तिने तेवीस वर्षं पाहिलं होतं. "अजून दोन दिवस आहेत, यमिना," ती म्हणाली. "होईल काहीतरी."

आणि झालंच की!

फाटकासमोर कॉफीची टपरी होती. तिथे नासर बसलेला असे, ज्याला सगळी वस्ती कबरान म्हणायची, म्हणजे नाईक, पलटणीतला असतो तसा. पलटण त्याची स्वतःची होती, शाळेच्या भिंतीआड नशेच्या गोळ्या विकणाऱ्या पोरांची. दोनदा तुरुंगात जाऊन आलेला, आणि मूळचा खाणीवरचा. शुऐब पहिल्या दिवशी निळा एप्रन घालून फाटकाबाहेर भिंतीला टेकून बसला, घरी बसायची लाज वाटत होती म्हणून. कबरानने त्याला दूध घातलेली कॉफी पाठवली. दुसऱ्या दिवशी शेजारी बसवून काय झालं ते विचारलं. पोराने सगळं सांगितलं असणार, कारण तो बोलत होता आणि बोलता बोलता बाहीने नाक पुसत होता. सबंध हिवाळ्यात त्याला असं कुणी विचारलं नव्हतं. वसीला हे फाटकातून बघत होती. पोरगं आगीतून फुफाट्यात चाललंय हे तिला दिसत होतं, पण त्याला वर्गाबाहेर ठेवणाऱ्या चिठ्ठीवर अक्षर तिचंच होतं.

तिसऱ्या दिवशी कबरान इस्त्रीचं जॅकेट घालून, अत्तर मारून हेडमास्तरांच्या खोलीत आला. मागे शुऐब.

"सलाम आलेकुम. मी याचा मामा. आईचा धाकटा भाऊ."

रमझीचा बाप नळदुरुस्ती करणारा, अंगाने दांडगा माणूस होता. खोलीत तावातावाने हात नाचवत होता. कबरानला बघताच त्याचे हात खाली आले. सी अब्दुलहफीजच्याही मनात काहीतरी चुकचुकलं असावं. तो वसीलाकडे वळला.

"मॅडम, तुम्ही घरोघरची माणसं ओळखता. हे मामाच ना याचे?"

शुऐबने मान वर केली. तीन दिवस भिंतीशी बसून त्याचे ओठ थंडीने फुटले होते. नाही म्हटलं असतं तर पुन्हा भिंत, पुन्हा मैदान, पुन्हा चिखल. वसीलाला त्याची दया आली, आणि जन्मात इतकी महाग दया तिने कुणावर केली नाही.

"हो," ती म्हणाली. "मामाच."

मग काय, समेट असा झाला की बघणाऱ्याचे डोळे निवावेत! रमझीने शुऐबच्या डोक्याचा मुका घेतला, शुऐबने रमझीच्या. फातिहा पढली गेली. खजूर फिरले. कबरानने पालकाच्या रकान्यात झोकदार सही ठोकली आणि रमझीच्या गालावर हलकेच थापटून म्हणाला, "आजपासून तूही माझा भाचाच की रे. मामाला विसरायचं नाही." रमझीच्या बापाच्या हातातला खजूर हातातच राहिला.

"असे पालक मिळाले तर शाळेला काळजी कसली!" सी अब्दुलहफीज म्हणाला. संध्याकाळच्या आत त्याचा अहवालही वर गेला, की प्रकरण सामंजस्याने मिटलं.

दुसऱ्या दिवसापासून शुऐबला कुणी बोट लावलं नाही. पाय स्वच्छ, एप्रन स्वच्छ. आठवड्याने पायात पांढरे शुभ्र खेळाचे बूट आले, ज्यांची किंमत त्याच्या आईला ऐकूनच घेरी आली असती. आईला त्याने मित्राचे म्हणून सांगितलं होतं, आणि सरांनी आपणहून वर्गात घेतलं म्हणूनही. मधल्या सुट्टीत तो टपरीवर जाऊन येऊ लागला. येताना त्याचं दप्तर फुगलेलं असे.

"काय आहे रे त्यात?" वसीलाने एकदा अडवून विचारलं.

"मामाचं सामान आहे." त्याने तिच्याकडे सरळ बघितलं. "दाखवू? तुम्हीच तर सांगितलंत सरांना, मामा आहे म्हणून."

तिने हात मागे घेतला. तडक हेडमास्तरांकडे गेली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "सर, तो माणूस मामा नाही. यमिनाला भाऊच नाही. मला माहीत होतं."

सी अब्दुलहफीजने आधी दार लावून घेतलं. "मॅडम, हे तुम्ही त्या दिवशी सांगायचं होतं. मी तर साक्षीदारांसमोर विचारलं होतं तुम्हाला. आता अहवाल परत मागवू? वर काय सांगू, माझ्या पर्यवेक्षिकेने गुंडाला पालक केलं? तुमचंही पेन्शन आहे, माझंही आहे. शाळेत शांतता आहे ना? मग झालं तर."

शांतता होती खरी. कारण आता पूलवाल्यांची पोरंही टपरीवर जायची. रमझीसुद्धा. कबरान पूल आणि खाण असा भेद करत नव्हता. जे सरकारला जमलं नाही ते त्याने महिन्याभरात करून दाखवलं.

मग एका सकाळी नळापाशी पहिलीतलं, म्हणजे मिड्ल स्कूलच्या पहिल्या वर्गातलं एक चिमणं पोर चिखलाचे पाय धुताना दिसलं. पूलवाल्यांचं, शुऐबच्याच इमारतीतलं, इलियास नावाचं. या वेळी वसीला ओरडली नाही. जवळ जाऊन खाली बसली.

"कुणी काढायला लावले बूट?"

पोराची नजर कठड्याकडे गेली. कठड्यावर रमझी होता आणि त्याच्या शेजारी शुऐब, पांढरे बूट हलवत.

"नियम आहे," शुऐब तिथूनच म्हणाला. त्यात राग नव्हता, की मजाही नव्हती. नळ कुठे आहे ते सांगावं तसं सांगितलं.

त्यानंतर दोन दिवसांनी शुऐबचा बाप आला. उन्हाने काळाठिक्कर पडलेला, धुतलेला शर्ट गळ्यापर्यंत बंद केलेला, काखेत खोकं. फाटकाशीच त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. चिठ्ठीच्या फोटोची प्रत होती, घड्यांवर फाटायला आलेली.

"मी शुऐबचा वडील. उशीर झाला, माफ करा. बदली माणूस आजारी पडला, नाहीतर कधीच आलो असतो. बायको म्हणते मिटलं सगळं. पण म्हटलं, शाळेने बोलावलं आणि बाप गेला नाही असं नको व्हायला. सही कुठे करायची?"

वसीलाने त्याला आपल्या खोलीत बसवलं. सही झाली आहे, असं सांगून त्याला चहा पाजून परत पाठवता आलं असतं. तिने समेटाचा कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. त्याने बोट ठेवून एकेक शब्द वाचला आणि बोट एका जागी थांबलं.

"मामा? बाई, काहीतरी घोटाळा आहे. यमिनाला भाऊ नाही."

"माहीत आहे मला," वसीला म्हणाली. "तेव्हाही माहीत होतं. मीच हो म्हटलं."

मग तिने सगळं सांगितलं, टपरी, दप्तर, सगळं. तो ओरडेल असं तिला वाटलं, ओरडावा अशी तिची इच्छाही होती. तो नुसता खोक्यावरची दोरी सोडत आणि बांधत राहिला.

"तिची सही का नाही घेतली?" शेवटी त्याने विचारलं. "ती आली होती ना? तिने जन्म दिलाय त्याला."



मधल्या सुट्टीची घंटा झाली. दोघं फाटकाशी गेली. टपरीवर शुऐब कबरानच्या खुर्चीमागे उभा होता. बापाने हाक मारली. शुऐबचा चेहरा क्षणभर फुलला, अगदी लहान पोरासारखा, पण पाऊल उचलण्याआधी त्याने कबरानकडे बघितलं. कबरानने कॉफीचा घोट घेत मान हलवली, तेव्हा तो रस्ता ओलांडून आला. बापाने ते पाहिलं होतं.

"हे बघ काय आणलंय." बापाने खोकं उघडलं. जाड तळव्याचे, घोट्याच्या वर जाणारे बूट होते. "आई म्हणाली चिखल फार असतो."

"आहेत मला." शुऐबने पाय पुढे केला.

"ते परत देऊन टाक. आणि त्या माणसाकडे पुन्हा जायचं नाही. आता मी आलोय."

"परत कधी जाणार?"

बाप अडखळला. "शनिवारी."

"मग?" शुऐब म्हणाला. तो उर्मट नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "तुम्हाला बोलवायला सुट्टी लागते, बाबा. मामा हाक मारली की येतो."

टपरीवरून शीळ आली. शुऐबने बापाचा खांदा हलकेच दाबला, मोठ्या माणसाने लहानाचा दाबावा तसा, आणि तो गेला.

बापाने खोकं वसीलाच्या हातात दिलं. "शाळेत कुणी अनवाणी पोर असेल तर द्या त्याला. नवीन आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी इलियास नळाशीच होता. त्या दिवशीही त्याचे पाय घोट्यापर्यंत भरले होते. वसीलाने त्याला पायरीवर बसवलं, आपल्या ओढणीने त्याचे पाय पुसले आणि एकेक करून बूट चढवले. दोन बोटं मोठे होत होते, म्हणून पुढे कागद कोंबला. पोर हरखून गेलं, उठून दोन वेळा उड्या मारून बघितल्या. कोणाचे आहेत, असं त्याने विचारलं.

वसीलाने सांगितलं नाही. लेस तिने दुहेरी गाठ मारून घट्ट बांधली, तरी उद्या सकाळी जिन्याखाली शुऐब ती सोडायला लावणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.