निवटीची परंपरा

मानवी संस्कृतीच्या जडणघडणीत खेळण्याचं स्थान अनन्यसाधारण आहे, असं ठाण्याहून आलेले हस्तकला निरीक्षक म्हणाले आणि त्यांनी समोरची कापडी निवटी शेपटीला धरून उलटी केली.

"पाल आहे का ही?"

"निवटी हाय साहेब," कलावती म्हणाली. "खाडीच्या चिखलात उड्या मारते ती. मासळीच, पन पाण्यात तिचं मन लागत न्हाय."

निरीक्षकांनी निवटी सरळ केली. डोक्यावर शर्टाची दोन बटणं डोळे म्हणून वटारलेली होती. चेहऱ्यावर 'उगाच उठवलं' असा भाव होता. तो थेट कलावतीचाच होता, असं बाळारामचं म्हणणं. बाळाराम तिचा नवरा. वज्रेश्वरीच्या एसटीवर कंडक्टर. साहेब यायचे म्हणून त्याने ड्युटी बदलून घेतली होती आणि आतापर्यंत तीनदा चहा विचारला होता.

हे सत्त्याऐंशी सालचं. कलावती सतरा वर्षं लूमच्या कारखान्यात कांड्या भरत होती, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या कांड्यांवर सूत गुंडाळत होती. ते सूत पुढे कुठे गेलं, कोणी अंगावर घातलं, तिला ठाऊक नव्हतं आणि सांगायलाही कोणी आलं नव्हतं. निवटीचं तसं नव्हतं. अंजूरला, माहेरच्या खाडीत पाहिलेली निवटी तिने आठवून वहीत काढली, कापडावर उतरवली, बिघडवली, पुन्हा काढली. सहाव्या खेपेला ती जमली. कलावती नसती तर झालीच नसती, अशी जगात एवढी एकच वस्तू होती. तेवढं कोणीतरी कागदावर लिहून द्यावं, अशी तिची इच्छा होती.

"ही तुमची आजी करायची का?" निरीक्षकांनी विचारलं.

"आजी कशाला करतेय. आजी गवत कापायची."

"मग आई?"

"आई बी गवतच."

निरीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "बाई, योजना पारंपरिक खेळण्यांची आहे. परंपरा नाही तर मान्यता नाही, आणि मान्यता नाही तर प्रदर्शन नाही."

"पन मीच काढलीय ती. ही बघा वही."

वहीत साठेक निवट्या होत्या. निरीक्षकांनी ती मिटून परत दिली. "ही कोणाला दाखवू नका," ते आपुलकीने म्हणाले. "यानं तुमचं प्रकरण कमकुवत होतं."

बाळारामने बायकोला कोपराने ढोसलं. "आजी करायची म्हन ना. ती काय उठून येतेय सांगायला?"

"आजीला सुई दिसायची न्हाय."

"मग न दिसता करायची म्हन."

कलावती सकाळची शिफ्ट करून आली होती. पाठ दुखत होती. "करायची," ती म्हणाली.

निरीक्षकांनी लिहिलं: सुमारे शंभर वर्षांची परंपरा.

"साहेब, माझं नाव कुठं येईल?"

"परंपरेला नाव नसतं, बाई. तेच तर तिचं वैशिष्ट्य." आणि नमुना म्हणून ते निवटी घेऊन गेले.

वर्षभराने ठाण्याच्या प्रदर्शनात ती काचेत दिसली. खाली चिठ्ठी होती: 'भिवंडी परिसरातील पारंपरिक मत्स्यबाहुली. कलाकार अज्ञात.' बाळारामने ती थांब्याची नावं पुकारावीत तशी दोनदा वाचली.

"अज्ञात म्हंजे तूच की," त्याने समजूत घातली.

तिथल्या टेबलावर कळलं की ही बाहुली करून विकायची तर प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. तीन आठवड्यांचा वर्ग भिवंडीतच एका शाळेत निघणार होता. कलावतीने कारखान्यात रजा टाकली आणि स्वतःची निवटी शिकायला जाऊन बसली.

शिकवणाऱ्या बाई ठाण्याच्या. त्यांनी काचेतली निवटी पुठ्ठ्यावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली होती, आणि तोच साचा सगळ्यांना दिला होता. गडबड तिथेच होती. कापडात भर घातली की ते फुगतं. खेळणं पोटभर जेवलेलं दिसायला हवं, तर चित्र उपाशी काढावं लागतं. कलावतीच्या वहीतल्या निवट्या सगळ्या दुष्काळातल्या होत्या. इथे मात्र जेवलेल्या निवटीला पुन्हा जेवायला वाढलं होतं.

"माझं तर भरताचं वांगं झालं गं," शेजारची जानकीबाई म्हणाली. वर्गात सगळीकडे वांगीच होती.

कलावतीने साचा बाजूला सारला आणि बोटभर आतून कात्री चालवली.

"साचा सोडून कापू नका," बाई म्हणाल्या.

"ह्यो साचा मोठा हाय, बाई. भरली की फुगल."

"तुम्ही आधी कुठे शिकलात का?"

वही पिशवीत होती. पिशवी मांडीवर होती. कलावतीने बाईंकडे पाहिलं, भिंतीवरच्या योजनेच्या फलकाकडे पाहिलं. हे सगळं पहिल्यापासून सांगायचं म्हणजे फार बोलावं लागणार होतं.

"आजीकडं," ती म्हणाली.

"आजीची पद्धत घरी. इथे पारंपरिक शिकायचं."

परीक्षेच्या दिवशी परीक्षकांनी प्रत्येक निवटी साच्याशेजारी ठेवून पाहिली. कलावतीच्या कागदावर शेरा आला: 'शिवण उत्तम. मूळ कलाकृतीशी साम्य नाही.'

पंधरा बायकांत ती चौदावी आली. पंधराव्या बाईला त्या दिवशी ताप होता, म्हणून ती आली नव्हती.