बिनवासाची पात

भाऊ गेल्यावर थोरली नणंद भावजयीकडे राहायला आली. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेली बाई. नको तिथे धुळीचा कणही तिला खपत नसे. आणि मागच्या बागेत तर रानलसणीने हातपाय पसरले होते. गुलाबाच्या बुंध्याशी, फरशीच्या सांध्यांत, जिकडे तिकडे तिची बारीक, पोकळ पात.

पहिल्याच हिवाळ्यात नणंदेने सगळी बाग उकरली. पण उपटताना रोपांच्या मुळाशी असलेल्या कांद्यांची इवली पिल्लं मातीत सांडत होती, ते तिच्या ध्यानात आलं नाही. पुढल्या वर्षी एका रोपाच्या जागी दहा उगवली.

"उकरून पेरणीच केलीत, वन्सं," भावजय म्हणाली आणि कात्रीने पात कापून आत घेऊन गेली. जे हटत नाही ते खावं, हा तिचा साधा हिशेब.

एका दुपारी पाटावर चिरलेल्या पातीचा ढीग होता. नणंदेने न चिरलेलं एक पान उचललं. ते चपटं होतं. चुरगळून पाहिलं, वास नाही.

"ही कुठून आणलीस?"

"कुंपणापाशची. तीच आहे की. वास घेतला मी."

नणंदेने बागेतून खरी पात आणली, दोन्ही चुरगळून तिच्या नाकाशी धरल्या. "डोळे मीट. रानलसूण कुठली?"

भावजयीने चुकीचा हात दाखवला.

शेजारच्यांच्या शोभेच्या फुलझाडाची ती पानं होती, विषारी. कुंपणाखालून इकडे आलेली. नणंदेने ढीग कचऱ्यात टाकला आणि पाट घासून काढला.

"मागे ताप आला, तेव्हापासून मला वासच येत नाही," भावजय म्हणाली.

"मला का नाही बोललीस?"

"तुम्ही सोबतीला आला होतात. सांगितलं असतं तर सांभाळायला आल्यासारखं झालं असतं."

नणंदेने कुंपणाजवळची ती झाडं कांद्यासकट काढली. रानलसणीला मात्र पुन्हा खुरपं लावलं नाही. तुऱ्यांत बी धरायच्या आत तुरे तेवढे छाटायचे, बस्स. पात भावजय कापायची, आणि चिरण्याआधी नणंद एकेक पान हुंगायची.

"कसा येतोय?" भावजय मधूनच विचारायची.

नणंद मोजकं बोलणारी. "झोंबरा."

"डोळ्यांना?"

"नाही गं, घशाला. आणि मागून जरा गोड."

"गोड?" भावजय म्हणायची. "मला आठवतोय तसा नाही तो."